बाकी अठरा

टाका नव्वद दिवसांनी विरघळायचा होता.
एकतिसाव्या दिवशीच सैल पडला,
चाचणीच्या गोठ्यातल्या एका बकरीच्या पोटात.
बकरी वाचली.
धागा माझ्याकडे आला, बोटभर, बाटलीत,
लेबलावर हुबचं तिरकं अक्षर.

खेलेनमध्ये जानेवारीत सकाळी आठलाही अंधार असतो.
शीतमनोऱ्यांची वाफ दिव्यांत केशरी दिसते,
आणि तिच्याखाली, फार खाली,
जिथून कोळसा काढला
तिथे आता पाणी भरलंय.

धाग्याचा कण मी विरघळवते,
त्यात स्फटिकांचं द्रावण, चिमटीहूनही कमी मीठ,
आणि पोलादी ताटलीवर एक थेंब.
वाळला की बशीतल्या दुधासारखा दिसतो.
मग झडप बंद. पंप हवा ओढून घेतो.
लेझरची एक ठिणगी, दुसरी, पाचशेवी,
आणि साखळ्या उठतात,
प्रत्येकीच्या खांद्यावर मिठातला एक सोडियम,
त्या रिकाम्या नळीतून धावत सुटतात.
हलक्या आधी पोचतात, जड मागून.
एवढाच न्याय आहे या यंत्राकडे.

पडद्यावर कुंपण उगवतं.
खुंटापासून खुंट एकशेचौदा.
हा पाढा मला झोपेतही येतो,
दोनशे अठ्ठावीस, तीनशे बेचाळीस, चारशे छप्पन्न,
पण पाढ्यात साखळीची ओळख नसते,
पाढा सगळ्यांचा एकच.
कडीमागून कडी वजा करायची,
सोडियमचे तेवीस वजा करायचे;
उरतं ते टोक.
सुरुवात कुणी केली, ते टोकाला लिहिलेलं असतं.

आमच्या कृतीप्रमाणे बाकी एकशेशहाऐंशी यायला हवी:
बारा कार्बनांचा अल्कोहोल, महागडा, कोरडा ठणठणीत.
आली. उंच खुंटांवर तीच.
पण दर दोन उंच खुंटांमध्ये
एक बारका उभा होता,
बोलावणं नसताना आलेल्या पाहुण्यासारखा.
अकराशे एक्याऐंशी.
वजा अकराशे चाळीस.
वजा तेवीस.
मी पुन्हा केलं, कागदावर, पेन्सिलीने.
अठरा.

अठरा म्हणजे पाणी.

पाण्याने सुरू झालेल्या साखळीला
एक टोक आंबट असतं,
आणि ते आंबट टोक आतून धागा खात बसतं.

बाबा खाणीच्या दिवाघरात होते.
पाळी सुटली की भिंतीवरचे पितळी बिल्ले मोजायचे;
रिकामा खिळा म्हणजे कुणीतरी अजून खाली.
एका रात्री त्यांनी चार वेळा मोजलं.
पाचव्यांदा मोजायला कुणी थांबलं नाही,
सगळे धावत सुटले होते.
त्या खिळ्याचा नंबर बाबांनी
आम्हाला कधी सांगितला नाही.

दहाला हुब आला, हातात चेरीचा पाय,
आज त्याची शेवटून तिसरी शुक्रवारची पाळी.
कागद त्याने दूर धरला, मग जवळ.
"ड्रमचं झाकण?"
"झाकण नाही," तो म्हणाला.
"नायट्रोजनची नळी. सप्टेंबरपासून गळतेय.
तीनदा लिहून दिलंय."
आणि खिशातून त्याने वही काढली,
तारखांसकट,
जणू कुणीतरी विचारेल म्हणून रोज जवळ बाळगलेली.

यंत्राला पाणी कळतं.
पाणी कुणाच्या टेबलावर अडलं, ते नाही कळत.
अहवालात रकाने चार आहेत:
नमुना, पद्धत, निष्कर्ष, सही.
निष्कर्षात मी अठरा लिहिलं.
मग सहीच्या खाली, जिथे जागा नव्हती तिथे,
बारीक अक्षरात तीन तारखा.

"अठरा," हुब म्हणाला, "म्हणजे किती?"
मी बोटांमध्ये काहीच नसलेलं अंतर दाखवलं.
त्याने चष्मा पुसला,
आणि पायाचे तुकडे करायला सुरी मागितली.